परिच्छेद एकोणीस

साहेब,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली, आणि आता शिरूरच्या कोर्टात तुमच्याविरुद्ध लिहिलं गेलंय. तुम्ही त्या कामात पक्षकार नाही, साक्षीदार नाही, तुमची बाजू मांडायला कुणी उभं राहिलेलं नाही, तरी निकालपत्राच्या एकोणिसाव्या परिच्छेदात तुमचं पूर्ण नाव आहे. काम तुमच्या जुन्या अशील, वडगाव रासाईच्या मावशींचं. तुम्ही अशिलांचे अंगठे कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवत होता, आणि अशाच एका अंगठ्यावर, अशिलाला वाचून न दाखवता, तडजोड लिहायला तुम्ही तुमच्या ज्युनिअरला सांगितलंत, हे वर्तन वकिलीच्या व्यवसायाला शोभणारं नाही, असं त्यात म्हटलंय. मी नक्कल काढून आणलीय. इतक्यांदा वाचली की तो परिच्छेद पाठ झालाय. कोर्टानं हे मनानं लिहिलेलं नाही. कुणीतरी शपथेवर सांगितलं म्हणून लिहिलं. ती सांगणारी ज्युनिअर मी.

तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी हकीकत सांग, रडायचं ते नंतर. सांगते. पण मला जरा आडवळणानंच यावं लागेल, कारण सरळ सांगायची हिंमत असती तर ही वेळ आलीच नसती.

तळेगाव ढमढेरेहून मी सनद घेऊन तुमच्याकडं आले तेव्हा शिरूरच्या बाररूममध्ये बाईमाणसाला बसायला खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या होत्या, पण प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची होती. तुम्ही तुमचं टेबल भिंतीपासून हातभर ओढलंत आणि मागं माझ्यासाठी स्टूल टाकलंत. माझ्याकडं काळा कोट नव्हता, तर तुमचा जुना कोट मिशनच्या कंपाउंडमधल्या टेलरकडून माझ्या मापाचा करून दिलात. पुरुषी कोट तो, गुंड्या उलट्या बाजूला, आतला खिसा नको तिथं. वकीलमंडळी हसली. तुम्ही म्हणालात, हसू दे, आत कायदा असला की बाहेर गुंड्या कुठं का असेनात. तो कोट मी नऊ वर्षं घातला. घरचे वांगी-कोबी विकणारे, त्यांना वाटायचं पोरगी साहेबाच्या कोटात फिरते म्हणजे मोठं काहीतरी झाली. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सुट्टीच्या शनिवारी तुम्ही मला घरी बोलावून निकाल वाचून घ्यायचात. रविवारी तुमचं चर्च, त्यामुळं शनिवार माझा. तुमच्या मिसेस, आम्हा सगळ्यांच्या बाई, चहा आणि नानकटाई ठेवून जायच्या, मी इंग्रजीतून निकाल वाचायचा आणि मग न्हावऱ्याच्या कांदेवाल्याला कळेल असा मराठीत सांगायचा. एक शब्द जरी कोर्टाच्या भाषेतला निसटला तरी तुम्ही हात वर करायचात. पुन्हा सांग. चार-चारदा सांगायला लावायचात, मला रडू यायचं. आता मी एकटीच वाचते आणि एकटीच मराठीत सांगते. तुम्ही गेल्यापासून किती काय झालं. मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा, बाप कायदा बदलायच्या आधी वारलेला असला तरी, हे सर्वात वरच्या कोर्टानं एकदाचं सांगून टाकलं. तुम्ही मांडत आलेली तीच गोष्ट. सांभाळत नाही म्हटल्यावर आईबापाला बक्षीसपत्र रद्द करून घर परत घेता येतं, हेही ठामपणे आलं. कोरोना नावाची एक साथ आली होती साहेब, तुम्ही सुटलात, त्यात मुदतीचे दिवसच मोजायचे नाहीत असा हुकूम झाला. मुदत थांबते हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं. आणि एक आला, तो ऐकून तर तुम्ही उठून उभे राहिला असता. हुकूमनामा मिळून लोकांची आयुष्यं जातात पण ताबा मिळत नाही, म्हणून हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं वरून बजावलं गेलं. जिंकलेल्या माणसाला जिवंतपणी रान मिळावं, हे तुम्ही जन्मभर म्हणत होता. त्याच हुकमाखाली मावशी सापडल्या.

आता मावशींचं. तुम्हाला आठवत असेलच. नवरा गेला, दिरानं सगळं रान स्वतःच्या नावावर ठेवलं, म्हणून मावशींनी वाटपाचा दावा लावला. दोन गट होते. एक विहिरीकडचं वरचं रान, काळं, बारमाही पाण्याचं. दुसरं भीमेच्या काठचं चोपण, धरणातून पाणी सोडलं की गुडघाभर पाण्यात. दीर माणूस वाईट नव्हता. चार तारखांनंतर स्वतःच म्हणाला, वहिनीला विहिरीकडचं देतो, मी खालचं घेतो, मला माझी पोरं हायेत करायला. तुमच्या टेबलासमोरच ठरलं ते. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. समोरच्या वकिलांनी तडजोडीचा मसुदा टाईप करून पाठवतो म्हटलं.

मसुदा आला तो कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी. मावशी तेव्हा दौंडला लेकीकडं होत्या. जावई रेल्वेत, लेक दोन दिवसांची बाळंतीण, घरात दुसरं बाईमाणूस नाही, त्यामुळं त्यांना येणं शक्य नव्हतं. तुम्हाला त्या आठवड्यात धाप लागत होती, दवाखान्यातून नुकतेच आला होता, खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला म्हणालात, दौंडला जा, त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, गट नंबर बोटानं दाखव, आणि समोर अंगठा घेऊन ये. मी निघाले तर हाक मारून परत बोलावलंत आणि म्हणालात, "कपाटातला अंगठा वापरायचा नाही. तो फक्त मुदतीच्या अर्जाला."

कपाटातले अंगठे खरे होते, ते मी नाकारत नाही. न्हावरे, वडगाव, तळेगाव, कुठून कुठून माणसं दोन-दोन एसट्या बदलून यायची. वकीलपत्रावर अंगठा घेतला की त्याच दिवशी पाच-सहा कोऱ्या कागदांच्या तळाशीही घ्यायचा, म्हणजे पुढची तारीख मागायला त्यांना पुन्हा खेप नको. सगळेच वकील घ्यायचे, अजूनही घेतात. पण तुमचा नियम होता. कोऱ्या अंगठ्यावर फक्त मुदतीचा अर्ज, अट एकही लिहायची नाही. आणि वाचून दाखवल्याशिवाय काही दाखल करायचं नाही. एकदा मी एका शिकलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र त्याला नुसतं हातात दिलं होतं, वाचून दाखवलं नाही. तुम्ही ते त्याच्यासमोर फाडलंत आणि मला पुन्हा लिहायला बसवलंत. वाचता येतं म्हणून माणूस वाचतोच असं नाही, म्हणालात. अख्ख्या बाररूमनं ऐकलं ते. मी त्या दिवशी जेवले नाही. तुमचा इतका राग आला होता की दुसरा सिनियर बघायचं मनात आलं.

तर दौंडला निघाले. एप्रिल महिना. शिरूरहून न्हावऱ्याला उतरले, पुढची दौंडची गाडी धरायची होती. स्टँडवर झाडाखाली बसले. पिशवीत मसुदा, शाईचा पॅड, पाण्याची बाटली. तुम्हाला मी नंतर काय सांगितलं ते सोडा, खरं काय झालं ते सांगते. गाडी आली. वेळेवर आली. भरलेली होती पण आत जागा झाली असती, कंडक्टर म्हणालाही, चला बाई, सरका आत. मी चढले नाही. काही कारण नव्हतं. घरी कुणी आजारी नव्हतं, माझं डोकं दुखत नव्हतं. मला कंटाळा आला होता. उन्हाचा, धक्क्यांचा, मावशींच्या लेकीच्या त्या एका खोलीत बाळंतिणीच्या वासात बसून सात पानं मोठ्यानं वाचायचा, आणि दर ओळीला मावशींनी "म्हंजी काय?" विचारायचा. सगळं ठरलेलंच तर होतं. मी उसाचा रस प्यायले आणि उलट्या गाडीनं शिरूरला आले. कोर्टाजवळच्या तुमच्या ऑफिसात कुणी नव्हतं, किल्ली माझ्याकडं होती. कपाटातून मावशींचा अंगठ्याचा कागद काढला, त्याच्या वरच्या भागात मसुद्याचं शेवटचं पान टाईप केलं, अंगठ्याशेजारी निशाणी डाव्या हाताचा अंगठा असं लिहिलं आणि खाली दस्तूर म्हणून माझं नाव. तिथं दस्तूर लिहिणारा म्हणजे, हा अंगठा माझ्यासमोर उठला, असं सांगणारा माणूस. ते सगळं मी दहा मिनिटांत केलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काठी टेकत कोर्टात आलात. व्हरांड्यात बाकावर बसून मला विचारलंत, "गट नंबर मोठ्यानं वाचलास ना?" मी हो म्हटलं. मावशी काय म्हणाल्या, विचारलंत. मी म्हटलं, साहेब म्हणतील तसं, म्हणाल्या. इतकं सराईत निघालं ते माझ्या तोंडून की मलाच नवल वाटलं. मग तुम्ही न्यायाधीशांपुढं उभे राहिलात आणि म्हणालात, पक्षकार लेकीच्या बाळंतपणाला दौंडला आहेत, माझ्या ज्युनिअरनं त्यांना समक्ष वाचून दाखवलंय, अंगठा माझ्या ओळखीचा आहे. तुमच्या शब्दावर तडजोड नोंदली गेली. तुमच्या शब्दाला तेवढी किंमत होती त्या कोर्टात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मिशनच्या दफनभूमीत मूठभर माती टाकताना मी काय रडले, सगळ्यांनी मला धरलं. त्यात या गोष्टीचा विचारही नव्हता. मी ती विसरूनच गेले होते.

टाईप केलेल्या तडजोडीत गट उलटे होते. मावशींना नदीकाठचं चोपण आणि दिराला विहिरीकडचं. समोरच्या टायपिस्टची चूक होती की कुणी मुद्दाम केलं, देव जाणे, ते वकीलही आता राहिले नाहीत. मी वाचून दाखवलं असतं तर मावशींनी पहिल्याच पानाला हात धरला असता. त्यांना अक्षर येत नाही, पण गट नंबर तोंडपाठ. दिरानं कागद कधी उघडलाच नाही. तो शब्दाला जागला, विहिरीकडचं रान वहिनीला करू दिलं आणि स्वतः खालचं केलं. सात-बाराला नोंद करायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोन-अडीच वर्षांमागं तो वारला. पोरांनी पेटीतून हुकूमनामा काढला, कुणाला तरी दाखवला, आणि बारा वर्षांची मुदत संपायच्या आत विहिरीकडच्या रानाच्या ताब्याची दरखास्त लावली.

मावशी नोटीस घेऊन माझ्याकडं आल्या. आता सत्तरीच्या पुढं, पाठीत वाकलेल्या. तुम्ही नाही हे त्यांना माहीत होतं, तुमच्या मातीला त्या आल्या होत्या. दरवर्षी बाईंकडं कांद्याची गोणी पोचवायच्या, साहेबांनी रान दिलं म्हणून. मी हुकूमनामा वाचला आणि पाचावर धारण बसली. दस्तूर म्हणून माझं नाव, माझं अक्षर. मावशी म्हणाल्या, कायतरी चुकलं आसंल, तुम्ही सांगा की कोर्टाला, तुमच्या म्होरंच ठरलं व्हतं. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, बघते. पुतण्यांशी बोलून पाहिलं, टायपिंगची चूक आहे, संमतीनं दुरुस्त करू. ते म्हणाले, चूक कशाची, आमच्या बापानं ठरवलंय तेच हाय ते. विहिरीकडून आता रस्ता जायचाय म्हणे, मग कोण कशाला सोडेल. तडजोडीचा हुकूमनामा फिरवायचा तर वेगळा दावा चालत नाही, त्याच कोर्टात अर्ज द्यावा लागतो, हे आता पुनःपुन्हा सांगितलं गेलंय. मी स्वतः साक्षीदार, त्यामुळं मला वकील म्हणून उभं राहता येईना. दौंडच्या एका वकीलबाईंकडं काम दिलं. हुशार आहेत. इकडं दरखास्त सहा महिन्यांच्या हिशोबानं धावत होती, ताब्याचं वॉरंट आज निघतं की उद्या. मावशी रोज सकाळी विहिरीवर जाऊन बसायच्या, कुणी आलं तर दिसावं म्हणून.

वकीलबाई मला म्हणाल्या, मॅडम, तुम्ही एवढंच सांगा की अंगठा आधीचा आहे, मजकूर नंतरचा आहे आणि पक्षकाराला वाचून दाखवलेला नाही. बाकी मी बघते. त्यांनी मला काही खोटं सांगायला लावलं नाही, हे लक्षात ठेवा साहेब. प्रतिज्ञापत्र मीच सांगितलं, टायपिस्टच्या खुर्चीमागं उभी राहून. तिसऱ्या परिच्छेदाशी आले, मी हा कागद भरला, इथपर्यंत सांगितलं आणि थांबले. टायपिस्टनं मान वर केली. मग मी म्हटलं, घाल, माझ्या वरिष्ठांच्या सूचनेवरून. सहा महिन्यांची ज्युनिअर असते तर निदान कुणी समजून घेतलं असतं. तेव्हा मला आठवं वर्ष चालू होतं.

उलटतपासणीला पुतण्यांचा वकील मला खोटं पाडायला उभा होता. मोघम विचारत होता, मी सराईतपणे उत्तरं देत होते, रोजचंच आहे ते माझं. मग कुठून त्याला सुचलं कोण जाणे, चष्मा काढत म्हणाला, "तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला दौंडला जाऊन पक्षकाराला वाचून दाखवायला सांगितलं होतं का?" कोर्टात पंखा फिरत होता. मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, हातात रुमाल. तुमचं नाव कामात आलंय हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून आल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. न्यायाधीशांकडं पाहून म्हटलं, "नाही. त्यांनी दाखल करायला सांगितलं."

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ते असं सांगतील का गं?" मी म्हटलं, आजारी होते बाई, घाईत होते. त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, हो, त्या आठवड्यात त्यांना फार त्रास होता. म्हणजे माझ्या खोट्याला त्यांनीच टेकू दिला. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

मावशी जिंकल्या. ते आधी सांगायला हवं होतं, माझं मला पडलंय नुसतं. हुकूमनामा रद्द झाला, दरखास्त थांबली, मूळ दावा पुन्हा चालू, विहिरीकडचं रान सध्या मावशींकडं. फसवणूक कळल्या दिवसापासून मुदत, हा मुद्दा वकीलबाईंनी असा मांडला की तुम्ही टेबलावर थाप मारली असती. निकालाच्या दिवशी मावशी माझ्याकडं आल्या, नारळ आणि पेढे घेऊन. पाया पडायला लागल्या, मी मागं सरले. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मेलेल्या मानसाला नावं ठिवू न्हाई. पर साहेबानं माझा अंगठा इकला, हे काय मनातनं जात न्हाई बगा." मी तेव्हा तोंड उघडू शकले असते. दारात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, सावकाश जा मावशी, पायरी उंच आहे.

या वर्षी बाईंकडं कांद्याची गोणी गेली नाही. बाररूममध्ये रंगकाम झालं तेव्हा तुमचा फोटो काढला होता, बाकीचे परत लागले, तुमचा कपाटामागं उभा करून ठेवलाय. मी सेक्रेटरीला विचारलं तर म्हणाला, मॅडम, निकाल ताजा आहे, थोडं जाऊ द्या. तुमच्याकडं शिकलेले तिघं वकील तिथं बसले होते, एकानंही वर पाहिलं नाही. एकजण तर परवा कुणा नव्या पोरीला सांगत होता, कोरे अंगठे घेत जाऊ नका, आमच्या साहेबांचं काय झालं बघा. मी चहा ठेवून बाहेर आले. चीड आली मला त्याची. माझीच चीड त्याच्यावर काढत होते, एवढं कळतं मला.

मागच्या आठवड्यात बाईंनी बोलावलं. स्वयंपाकघरातच बसलो, त्या आता बाहेरच्या खोलीत फारशा बसत नाहीत. गुडघे धरतात. चहा त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. निकालाची नक्कल त्यांच्याकडंही होती, कुणाकडून मिळवली माहीत नाही, पिठाच्या डब्यावर ठेवलेली. चष्मा लावून त्यांनी एकोणिसावा परिच्छेद काढला, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. म्हणाल्या, मावशीचं रान मिळालं, चांगलं झालं, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण एवढ्या चार ओळी यातून काढता येतील का? हायकोर्टात काही करता येतं का? ते होते तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नाही, आता उत्तर द्यायला ते नाहीत. मग म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडं जात नाही मी. तूच कर. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता.

करता येतं, साहेब. तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीच शिकवलंय. ज्याच्याविरुद्ध शेरा मारायचा त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मारू नये, वकिलाच्या बाबतीत तर नाहीच, हे वरच्या कोर्टांनी कितीदा सांगितलंय. माणूस हयात नसेल तर त्याच्या बायकोला मागता येईल का, यावर वाद होईल, पण वाद घालण्याजोगा मुद्दा आहे, चांगला मुद्दा आहे. तुम्ही मला त्यावर शनिवारभर बोलायला लावलं असतं. पण हायकोर्ट पहिला प्रश्न विचारणार, हे कुणाच्या साक्षीवरून लिहिलं? मग माझी साक्ष पुन्हा उघडणार, न्हावऱ्यापासून सगळं. पुतण्यांनी अपील केलंच आहे, साक्षीदार खोटी निघाली तर ते आयतं त्यांच्या हातात पडणार आणि मावशींचं रान पुन्हा हेलकाव्यात. म्हणून मी गप्प बसते, मावशींसाठी, असं मी स्वतःला समजावते. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं माझी सनद आहे, माझं टेबल आहे, आता बाररूममध्ये माझी स्वतःची खुर्ची आहे. मला ती सोडवत नाही.

हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे. कुणाच्या हाती लागलं तर पुरावा होईल, इतकी वकिली अंगात भिनलीय. तुम्हाला पोचणार नाही हे माहीत असूनच लिहू शकले, हेही कबूल करते. आणि आणखी एक, मग थांबते. त्या दिवशी स्वयंपाकघरात बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी नक्कल चाळल्यासारखं केलं, दोन पानं मागं-पुढं केली, आणि त्यांना म्हटलं, नाही हो बाई, कायद्यात तशी तरतूदच नाही. त्या म्हणाल्या, तू म्हणतेस म्हणजे नसेल. आणि माझ्या बशीत आणखी एक नानकटाई ठेवली. मी ती खाल्ली.